परसात सातेरीचा थवा धरला, आता तो टिकवायचा कसा?

परसदार
१७ नोव्हेंबर, रात्री ८:१०

नमस्कार मंडळी. आज दुपारी बाराच्या आत परसातल्या चिकूच्या फांदीवर सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी, पेटीत पाळता येणाऱ्या मधमाशीचा, थवा येऊन बसला. फणसाच्या मोठ्या कुयरीएवढा घोस, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, घरामागे सुपारी, नारळ, चिकू, दोन हापूस आणि पलीकडे काजूची बाग.

धरला कसा ते आधी लिहिते, चुकलं असेल तर सांगा. बांबूच्या टोपलीला आतून जुनं मेण चोळलं आणि ती उलटी करून घोसाच्या अगदी वर, फांदीला टेकवून बांधली. झाडांवर फवारायच्या पंपाने घोसावर पाण्याचा हलका तुषार मारला. मग फक्त वाट पाहिली. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. नंतर घोसाचं वरचं टोक हळूहळू टोपलीच्या काठाला लागलं आणि माशा मुंग्यांच्या रांगेसारख्या वर चढायला लागल्या. अर्ध्या-पाऊण तासात फांदी जवळजवळ मोकळी. टोपलीवर ओलं फडकं टाकून सावलीत ठेवली आणि दिवस मावळताना पेटीवर उलटी धरून एकच झटका दिला. पेटीत माशांनी पोळी बांधायच्या पाच लाकडी चौकटी आहेत, एकीत मागच्या वर्षीचं जुनं, काळपट पोळं आहे. दाराला क्वीन गेट, म्हणजे राणीला बाहेर जाऊ न देणारी जाळी, लावलंय.

आता खरी काळजी. मागच्या फेब्रुवारीत असाच एक थवा धरला होता, याच्या निम्म्याने. तेव्हा एका ओळखीच्यांनी सांगितलं की गेट काढू नका, पळून जातील. मी बावीस दिवस काढलं नाही. माशा पळाल्या नाहीत, पण रोज कमी होत गेल्या. शेवटी उघडून पाहिलं तर पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन चार-चार अंडी, काही तर घराच्या भिंतीला चिकटवल्यासारखी, आणि पिल्लं सगळी नरांची. मार्चअखेर पेटीत मूठभर माशा आणि मेणकिड्याच्या अळ्यांची जाळी, एवढंच उरलं. फार लागलं ते मनाला.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. गेट किती दिवस ठेवू? साखरेचा पाक द्यायचा का? आणि परसात चार पेट्यांपर्यंत जायचं आहे, ते थवे धरून जमेल की वसाहती विकतच घ्याव्यात?

---

घाटमाथा
१७ नोव्हेंबर, रात्री ९:२५

ताई, धरलात उत्तम. टोपलीची रीत आमच्याकडे जावळीत जुनी माणसं अशीच करतात. सातेरीला अंधार आणि वरची दिशा आवडते, ढकलायची गरज नसते.

मागच्या वर्षी काय झालं ते तुमच्या लिहिण्यातच आहे. तो थवा लहान होता आणि उशिरा आला होता. म्हणजे बहुतेक दुसरा किंवा तिसरा थवा, आणि त्यात कुमारी राणी. वसाहत फुटते तेव्हा पहिल्या थव्याबरोबर जुनी, फळलेली राणी बाहेर पडते. मागे राहिलेल्या राणीघरांतून नव्या राण्या निघतात आणि त्यांतली एखादी थोड्या माशा घेऊन पुन्हा बाहेर पडते. या नव्या राणीला अजून नराशी मीलनासाठी आकाशात उडायचं असतं. क्वीन गेटच्या फटीतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही. बावीस दिवस ती आत अडकली. मीलन झालं नाही म्हणून पिल्लं झाली नाहीत, आणि पुढे कामकऱ्यांनीच अंडी घातली. कामकऱ्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. एका घरात अनेक अंडी आणि ती भिंतीला, ही त्याचीच खूण, कारण कामकरीचं पोट आखूड, ते तळापर्यंत पोचत नाही.

त्यामुळे "गेट किती दिवस" याच्या आधी विचारायचं ते हे, की आत राणी कुठली आहे.

तुमचा थवा मोठा आहे, खाली बसला होता, हंगामाच्या सुरुवातीचा आहे. तिन्ही खुणा पहिल्या थव्याच्या. जुनी राणी अंगाने जड असते, लांब आणि उंच उडायला नाखूश. पण खुणांवर विसंबू नका, पेटीलाच विचारा. जुनी राणी असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कामकऱ्या मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन आत जाताना दिसतील, कारण पिल्लांना पराग लागतो. पाचव्या दिवशी एक चौकट उचलून उजेडाकडे धरा. घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहूनही बारीक अंडं उभं दिसलं की झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी पराग फारसा नाही आणि अंडीही नाहीत, असं दिसलं तर गेट त्याच संध्याकाळी काढा. पळण्याचा धोका पत्करा, अडकवण्याचा नाही.

पाक द्या. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, गार करून, रोज संध्याकाळी अंधार पडताना. पसरट वाटीत काटक्या टाका, नाहीतर बुडून मरतात. बाहेर एक थेंब सांडू देऊ नका, सांडला तर मुंग्या येतील आणि दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतील. दारही आठवडाभर बोटभर रुंदीचंच ठेवा.

---

कुळागर
१७ नोव्हेंबर, रात्री १०:०२

फोंड्याहून. पेटी कशावर ठेवलीय? चार पायांच्या स्टँडवर ठेवा आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. कोकणात नि गोव्यात नव्या थव्याला पळवून लावणारी पहिली गोष्ट मुंगळे. वाट्यांतलं पाणी रोज बघा, सुपारीचं एक वाळलेलं झावळ पडलं तरी मुंग्यांना पूल मिळतो. आमच्याकडे याच कारणाने एक पेटी रिकामी झाली.

दुपारचं ऊन नको, सकाळचं कोवळं ऊन दारावर पडलं तर उत्तम.

---

पेठेतली
१८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते, गच्चीवर कुंड्यांची बाग आहे. समोरच्या इमारतीच्या सज्जाखाली मोठं लोंबतं पोळं आहे, आणि आमच्या जास्वंदीच्या फांदीवर तळहाताएवढं एक छोटं. यांतलं कुठलं पेटीत घालता येईल? मलाही एक पेटी ठेवायची फार इच्छा आहे. गेल्या वर्षी आमच्याच सोसायटीत औषध फवारणाऱ्यांना बोलावून सज्जाचं पोळं मारलं, सकाळी खाली मेलेल्या माशांचा सडा होता. या वेळी तसं होऊ नये म्हणून विचारतेय.

---

घाटमाथा
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

@पेठेतली, दोन्ही पेटीत येणार नाहीत. सज्जाखालचं लोंबतं ते आग्या मोहोळ, जास्वंदीवरचं ते फुलोरी. दोघीही उघड्यावर एकच पोळं बांधतात. एकच पोळं बांधणारी माशी अंधाऱ्या पेटीत राहत नाही, कितीही जपून घातली तरी उठून जाते. पेटीत पाळता येतात त्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणाऱ्या. आपली सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा या दोन, आणि तिसरी ती बारीक, नांगी नसलेली पोयाची माशी, ती वेगळ्या छोट्या खोक्यात.

आग्याच्या जवळ स्वतः जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका. धूर, फटाके, दगड, काही नाही. ते पाहुणं मोहोळ आहे, फुलोरा संपला की आपणहून जातं. सोसायटीला तेवढं समजावा, आणि त्या सज्जाखालची वाट तोवर बंद ठेवा. फुलोरी जास्वंदीवरच राहू द्या, तिच्यापासून त्रास जवळजवळ नसतो.

शिकायचंच असेल तर तुमच्या गावातच गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथे प्रशिक्षण घ्या. पेटी नंतर.

---

निशिगंध_डॉ
१८ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

थवा धरणाऱ्या सगळ्यांसाठी. थव्यातल्या माशा निघताना पोटात मध भरून घेतात आणि त्यांना राखायला घर नसतं, म्हणून त्या शांत असतात हे खरं. पण हाताखाली एखादी दबली की डंख बसतोच. डंख बसला तर नांगी चिमटीत धरून ओढत बसू नका, नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. जितका उशीर तितकं विष जास्त जातं. जागेवर सूज आणि खाज हे नेहमीचं. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत थांबायचं नाही, थेट दवाखाना. आधी कधी असं झालं असेल त्यांनी थवा धरायला जाऊच नये. आणि एकट्याने कोणीच जाऊ नये.

---

परसदार
१८ नोव्हेंबर, दुपारी २:०५

घाटमाथा, तुमचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. मागच्या वर्षी मी ज्यांना पळू नये म्हणून जपत होते, त्यांना मीच कोंडलं होतं. कळलं ते बरं झालं.

कुळागर, पाय पाण्यात ठेवलेत. नारळाच्या करवंट्या घेतल्या आहेत, त्यात वरून थोडं गोडेतेलही टाकलंय.

आज सकाळी दारावर पाच-सहा माशा पोट वर उचलून, तोंड आत करून जोरात पंख हलवत उभ्या होत्या. हे बरं लक्षण ना?

---

घाटमाथा
१८ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

फार बरं. पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीचा वास त्या वाऱ्यावर सोडतायत. बाहेर राहिलेल्यांना सांगणं की राणी इथे आहे, या. राणी टोपलीबाहेर राहिली असती तर याच माशा तासाभरात उठून परत चिकूवर जाऊन बसल्या असत्या.

---

राधानगरीचं_रान
१८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, चार पेट्यांवर. कारण इथे पुढे कोणीतरी "ढोलीतलं मोहोळ काढून पेटीत भरा" असं लिहिणारच, त्याआधी लिहून ठेवतो.

जंगलातल्या झाडाच्या ढोलीतली, वारुळातली वसाहत काढून आणणं मला मान्य नाही. ढोलीचं तोंड कुऱ्हाडीने मोठं केलं की ती जागा कायमची गेली. सातेरी त्याच त्याच पोकळ्यांत वर्षानुवर्षं येते, एक वसाहत गेली की दुसरी तिथे येते. एक पेटी भरण्यासाठी आपण दहा वर्षांचं घर मोडतो. आमच्या भागात अशा किती ढोल्या फोडलेल्या मी पाहिल्यात, आणि त्यांतल्या निम्म्या वसाहती पेटीत महिनाभरही राहिल्या नाहीत.

आपणहून बाहेर पडलेला थवा धरणं ही वेगळी गोष्ट. मूळ वसाहत जागेवर असते, थवा घर शोधत असतो, तुम्ही घर देता. त्याला माझा विरोध नाही, उलट कौतुक आहे.

---

घाटमाथा
१८ नोव्हेंबर, रात्री १०:३५

जंगलाबद्दल शंभर टक्के मान्य. पण गावातल्या वसाहतींचं काय? पाडायच्या घराची भिंत, विजेच्या मीटरची पेटी, बंद पडलेली पाण्याची टाकी, विहिरीचा कठडा. तिथली वसाहत काढली नाही तर मारलीच जाणार असते. तिथे पोळी कापून चौकटीत बांधण्याचं काम यायलाच हवं.

ज्यांना करावं लागेल त्यांच्यासाठी: पिल्लं असलेलीच पोळी चौकटीत बसतील एवढी कापून घ्या, मधाची घेऊ नका, ती फुटतात आणि सगळं चिकट होतं. पोळ्याची वरची बाजू चौकटीतही वरच राहिली पाहिजे. केळीच्या सोपटाच्या ओल्या पट्टीने बांधा. दोन-तीन दिवसांत माशा पोळं चौकटीला मेणाने जोडतात आणि सोपट कुरतडून दाराबाहेर टाकतात. सुतळी किंवा नायलॉनचा दोरा वापरला तर तो नंतर आपल्याला काढावा लागतो. पिल्लं असली की माशांना ती सोडून जाववत नाही, म्हणून अशी वसाहत नुसत्या थव्यापेक्षा जास्त टिकते.

एक फरक लक्षात ठेवा. थवा जुनी जागा विसरलेला असतो, त्याची पेटी परसात कुठेही ठेवा. भिंतीतून काढलेल्या वसाहतीच्या माशांना जागा पाठ असते. ती पेटी जवळपास शंभर पावलांवर नेली तर चरायला गेलेल्या माशा परत त्या भिंतीवर जाऊन बसतात. तीन-चार किलोमीटर लांब तरी न्या, नाहीतर मूळ जागेलाच ठेवा.

---

राधानगरीचं_रान
१८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

पाडायच्या भिंतीबद्दल तुमचं बरोबर आहे. ते मी मागे घेतो. ढोलीबद्दलचं नाही.

---

परसदार
२१ नोव्हेंबर, सायं. ६:४५

चौथा दिवस. आज सकाळी साडेआठ ते साडेनऊ दारासमोर स्टूल टाकून बसले आणि मोजलं. तासाभरात पराग घेऊन आलेल्या माशा फक्त सात. पिवळा पराग, नारळाचा असावा. बाकीच्या रिकाम्या पायांनी जातायेतायत. पाक रोज सकाळपर्यंत संपतो. चौकट अजून उचललेली नाही, उद्या बघेन.

---

परसदार
२२ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

पेटी उघडली. जुन्या पोळ्याशेजारी दोन नवी पांढरीशुभ्र पोळी बांधलीत, एक हाताच्या पंजाएवढं, एक त्याहून लहान. जुनी घरं घासूनपुसून चकचकीत केलीत. अंडी नाहीत. तिन्ही पोळी सूर्याकडे पाठ करून, खांद्यावरून ऊन आत पडेल अशी धरून पाहिली. एकही नाही.

राणी दिसली. आधी वाटलं मोठी कामकरीच आहे, मग पाहिलं तर पोट निमुळतं आणि काळपट, आणि थांबतच नव्हती. या पोळ्यावरून त्या पोळ्यावर पळत होती.

गेट काढलंय. हात थरथरत होते.

---

घाटमाथा
२२ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

कुमारी राणी. माझा अंदाज चुकला, मोठ्या थव्यातही ती असू शकते. वसाहत खूप भरलेली असेल तर दुसरा थवाही मोठा निघतो, किंवा पहिल्या थव्याच्या वेळी पावसाने अडून जुनी राणी आधीच मेलेली असते. म्हणूनच पेटीला विचारा म्हणालो.

घासलेली घरं ही चांगली खूण, राणीसाठी जागा तयार ठेवलीय. आता दहा-बारा दिवस पेटी अजिबात उघडू नका. राणी दुपारच्या उन्हात उडते, परत येताना पेटीच्या रंगरूपावरून, आसपासच्या खुणांवरून दार ओळखते. त्या काळात पेटी हलवली, समोर कपडे वाळत घातले, तर ती चुकू शकते. पाक चालू ठेवा, पण मागच्या बाजूने, दारापासून लांब.

आणि वेड्या राघूंकडे लक्ष असू द्या. तारेवर बसून उडत्या माशा टिपतात. कामकरी गेली तर चालतं, या आठवड्यात राणी गेली तर सगळं गेलं. दुपारी दोन तास तिथे माणसाची वर्दळ असली तरी ते लांब बसतात.

---

परसदार
२२ नोव्हेंबर, दुपारी १:१०

वर्दळ मीच करते. सासूबाईंनाही सांगितलंय, त्या भाजी निवडायला तिथेच बसतील.

---

कुळागर
२३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

तोवर चार पेट्यांच्या प्रश्नावर. थव्याच्या मागे धावण्यापेक्षा थव्यालाच बोलावणं सोपं. आमच्या कुळागरात पाच रिकामी खोकी कायम लावलेली असतात. दोन जुन्या पेट्या, तीन मातीची मडकी आडवी, तोंडाला लाकडाची फळी आणि फळीला अंगठ्याएवढं भोक. आतून जुन्या पोळ्याचं मेण वितळवून चोळायचं. जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंच, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला, आणि वर दाट सावली. कर्नाटकात कोडगूकडेही लोक हंगामात जंगलाच्या कडेला अशीच मडकी नि खोकी लावतात.

सगळ्यात महत्त्वाचं, खोका ज्या वासाचा असेल तो माशांचा असला पाहिजे. नव्या लाकडाला रंगाचा, वॉर्निशचा वास आला की संपलं. आमच्या पाचांतल्या दोन खोक्यांत दरवर्षी थवा येतो, दोनांत कधीतरी, एकात कधीच नाही. तो एक मी अजून कारण शोधत हलवतोय.

---

साकुरा_आणि_सातेरी
२३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं जपानमध्ये. हा धागा वाचून राहवलं नाही. आपली सातेरी आणि जपानची देशी माशी एकाच जातीच्या, एपिस सेराना. इथे खेड्यांत लोक एकावर एक चौकोनी लाकडी कडी रचलेले खोके लावतात, वसाहत वाढेल तसं खालून एक कडं सरकवतात आणि मध वरच्या कड्यातून कापून घेतात.

आणि थवा बोलावायला इथे एक खास गोष्ट करतात. किन्र्योहेन नावाचं एक सिंबिडियम ऑर्किड आहे. वसंतात ते फुललं की कुंडी रिकाम्या खोक्याच्या दाराशी ठेवतात. सातेरीच्या या जपानी बहिणी थवाच्या थवा त्या फुलावर येऊन बसतात. मी डोळ्यांनी पाहिलंय, फुलं दिसेनाशी झाली होती. शेजारच्या आजोबांनी कुंडीला जाळी बांधली, माशांनी फुलातून पराग वाहून नेला तर फूल लवकर कोमेजतं म्हणून. अर्ध्या दिवसाने सगळा थवा शेजारच्या खोक्यात शिरला.

---

परसदार
२३ नोव्हेंबर, सायं. ७:२०

हे किती सुंदर आहे! आणि गवती चहाचं तेल लावतात म्हणे, त्याचं काय? आमच्याकडे परसात गवती चहाचे चार मोठे ठोंब आहेत.

---

घाटमाथा
२३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

गवती चहात जो वास आहे तो मेलिफेरा माशीच्या वासग्रंथीतल्या एका द्रव्याशी जुळतो, म्हणून मेलिफेरावाले तो वापरतात. सातेरीच्या ग्रंथीचा वास तसाच नाही. मी चार वर्षं सातेरीसाठी लावून पाहिला, फरक दिसला नाही. जुन्या मेणाचा दिसतो. माझा भरवसा मेणावर.

खोका लावलात की त्याच्या दाराशी येणाऱ्या माशांकडे बघायला शिका. मधासाठी आलेली माशी सरळ आत जाते. घर शोधायला आलेली माशी दाराभोवती घिरट्या घालते, फटी तपासते, आत जाते, बाहेर येते, पुन्हा बाहेरून भिंतीवर चालते. या जाऊन थव्याच्या घोसावर नाचून जागा सांगतात. मार्टिन लिंडाउर या जर्मन शास्त्रज्ञाला हे असंच कळलं. म्युनिकमध्ये थव्यावर नाचणाऱ्या माशांच्या अंगावर काजळी, विटांची धूळ, पीठ लागलेलं त्याला दिसलं, तेव्हा लक्षात आलं की या फुलांवरून आलेल्या नाहीत, धुराडी आणि पडक्या भिंती बघून आल्यात. खोक्याच्या दाराशी अशा माशा दिवसेंदिवस वाढत गेल्या तर खोक्याला हात लावू नका, एक-दोन दिवसांत थवा येतो.

पण मंडळी, धरलेला थवा आणि चार पेट्या यांत अजून एक गोष्ट आहे, पावसाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरलेल्या थव्याला आंबा, काजू, जांभूळ, हिरडा, असं सगळं मिळतं, जूनपर्यंत सात-आठ चौकटी भरतात. मे महिन्यात धरलेला थवा जूनच्या पहिल्या आठवड्यात उपाशी असतो. ढगाळ दिवसांत पाक दिला नाही तर उठून जातो, दिला तरी मेणकिडा लागतो. म्हणून मी एप्रिलनंतर परसासाठी थवा धरायला सांगत नाही. दिसला तर एखाद्या अशक्त पेटीत मिसळा. दोन कोठ्यांच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पेटीच्या खणांच्या, मधे वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला सुईने चार भोकं. माशा कागद कुरतडून एकमेकींना भेटेपर्यंत वास एक होतो, भांडण होत नाही. एक राणी मात्र आधी काढावी लागते.

---

निशिगंध_डॉ
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चार पेट्या परसात मावतील का, म्हणजे माशांना चरायला पुरेल का?

---

घाटमाथा
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत चरते, परस म्हणजे तिचं फक्त दार. ताईंकडे नारळ आहे, तो बारा महिने पराग देतो. आंबा-काजू आहेत, मागे डोंगर असेल तर चारही मजेत राहतील. फक्त काजूवर, आंब्यावर फवारणी कोण करतं, कधी करतं, ते शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. फुलं उमललेली असताना सकाळी फवारलं तर एका दिवसात दारासमोर ढीग पडतो. संध्याकाळी, माशा घरी आल्यावर फवारा म्हणावं. बहुतेक लोक ऐकतात, विचारलेलं नसतं एवढंच.

---

परसदार
३ डिसेंबर, दुपारी १:३०

अंडी आहेत!!

अकरा दिवस खरंच उघडली नाही. आज मधली चौकट उचलली. एकेका घरात एकेकच अंडं, तळाच्या मधोमध, उभं. मधून बाहेर अशी गोल वर्तुळात घातलीत, रांगोळीचे ठिपके मोजून ठेवावेत तशी. कडेच्या काही घरांत बारीक अळ्या, दुधासारख्या रसात वळलेल्या. राणीही दिसली, आता पोट लांब आणि भरलेलं, आणि पळत नव्हती. एका घरात डोकं घालून पाहिलं, वळली, पोट आत घातलं, क्षणभर थांबली, बाहेर. पुढचं घर.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, हिला आता गूळपाणी द्या.

---

कुळागर
३ डिसेंबर, दुपारी २:००

मन भरून आलं वाचून. सासूबाईंना नमस्कार सांगा. गूळ नको, साखरच.

---

घाटमाथा
३ डिसेंबर, दुपारी ३:१५

फार आनंद झाला. आता शेवटची खात्री आठवड्याने. पिल्लांच्या घरांची झाकणं बघा. कामकरीचं झाकण सपाट असतं. नराचं फुगीर, आणि सातेरीत त्याच्या टोकाला टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. झाकणं सपाट असली की मीलन नीट झालं. सगळीकडे फुगीरच दिसली तर राणी उडाली पण फळली नाही, मग ताबडतोब लिहा, वेळ असतो.

---

परसदार
११ डिसेंबर, सायं. ५:५०

सपाट. दोन पोळ्यांवर तळहाताएवढा सलग भाग, फिक्या बिस्किटाच्या रंगाचा. फुगीर एकही नाही. पाक बंद केला, पराग भरपूर येतोय.

कुळागर, मडक्यांची मापं सांगा ना. कुंभाराकडे शनिवारी जातेय.

---

कुळागर
११ डिसेंबर, सायं. ७:०५

दहा-बारा लिटर पाणी मावेल एवढं, तोंड रुंद, म्हणजे नंतर पोळी काढता येतात. नवं मडकं आठ दिवस पाण्यात भिजवून वाळवा, भट्टीचा वास जाईल. मग मेण. आणि दोनच लावा आधी, एक घराच्या मागे, एक काजूच्या कडेला. दुसऱ्या ठिकाणी काय होतं ते बघून तिसरं.

---

परसदार
२४ डिसेंबर, दुपारी ४:२०

आज दुपारी तीनच्या सुमारास पेटीसमोर अचानक खूप माशा उडायला लागल्या. क्षणभर काळजात धस्स झालं, वाटलं चालल्या. मग पाहिलं तर सगळ्या पेटीकडे तोंड करून हवेत वरखाली होत होत्या, लहान लहान वळणं घेत, आणि पाच-दहा मिनिटांत एकेक करून दारावर उतरल्या. अंगावर पांढुरकी लव, रंग फिका. ३ तारखेला पाहिलेल्या त्याच अंड्यांतल्या.

मडकी दोन्ही लावून झालीत. काजूच्या कडेच्या मडक्याला काल तीन माशा बाहेरून फिरून गेल्या. आज सकाळी अकरा होत्या.